उतारावरचं शून्य

गाडी लागणारी माणसं कौस्तुभ हिंगेला मुळातच आवडत नसत. त्याला स्वतःला आठव्या वर्षापर्यंत गाडी लागायची, ही गोष्ट त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. मावशीच्या लग्नाला जाताना खंबाटकीच्या वळणावर त्याने नवऱ्यामुलाच्या आत्याच्या शालूवर जे काही केलं, त्यावरून सगळं वऱ्हाड त्याला चार दिवस ‘सरबतवाला’ म्हणत होतं. मोठं झाल्यावर माणसं असल्या गोष्टी विसरतात, फार तर हसून सांगतात. कौस्तुभने तसलं काही केलं नाही. त्याने त्यावर नोकरी मिळवली.

दोन हजार एकेचाळीस साली ज्या आईबापांना परवडत होतं त्यांच्या गाड्यांमध्ये मुलांसाठी ‘निवांत’ नावाचं आसन असे. कौस्तुभ त्या कंपनीत पालक-संवाद प्रमुख होता. म्हणजे काय, तर कंपनीतली हुशार माणसं जे शोधून काढत, ते आईबापांना गोड लागेल अशा शब्दांत लिहायचं. आसनाला लागणारा एक स्क्रूसुद्धा त्याला पिळता आला नसता, पण लग्नाकार्यात लोक त्याच्याकडे ‘निवांतवाले हिंगे’ म्हणून बोट दाखवत आणि तो ते खपवून घेई.

आसनामागचं विज्ञान मात्र खरोखर देखणं होतं. आपल्या कानात, पार आतल्या बाजूला, तीन वाकड्या नळ्या असतात आणि त्यांत पाणी असतं. डोकं वळलं की ते पाणी किंचित मागे राहतं आणि त्यावरून मेंदूला कळतं की आपण वळलो. नळ्यांशेजारी दोन इवल्या पिशव्या असतात, त्यांत खडूच्या भुकटीसारखे कण असतात. ते ज्या बाजूला ओढले जातात ती खालची बाजू. गाडीत पुस्तकात किंवा पडद्यात डोकं खुपसून बसलेल्या पोराचे डोळे सांगतात की आपण एका जागी बसून आहोत, आणि कान सांगतो की आपण गरगर फिरतोय. दोन साक्षीदार दोन साक्षी देऊ लागले की मेंदू घाबरतो. काहीतरी विषारी पोटात गेलं असावं असा निवाडा करून तो पोट रिकामं करायचा हुकूम सोडतो. गाडी चालवणाऱ्याला हा त्रास होत नाही, कारण वळण कुठे येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं.

निवांतने त्या दोनांतला एक साक्षीदार फितवला. आसनाच्या उशीतून दोन मऊ चकत्या मुलाच्या कानांमागे टेकत आणि अंगाला जाणवणारही नाही इतका बारीक विजेचा प्रवाह कानाच्या नसेत सोडत. पुढच्या रस्त्याचं प्रत्येक वळण आसनाला नकाशावरून आधीच कळलेलं असे. गाडी डावीकडे वळली की ते कानाला तेवढंच उजवीकडे वळल्याचं सांगे, आणि दोन्ही मिळून बेरीज शून्य होई. मूल घाटातून जात असलं तरी त्याच्या कानाच्या लेखी ते घरच्या कोचावर बसलेलं असे. त्याला उलटी नाही, रडणं नाही, आणि ‘कधी पोचणार’ हेही नाही, कारण आपण निघालोय हेच त्याला जाणवत नसे.

फक्त एक पथ्य होतं. दुकानदार वजन करण्याआधी रिकामा काटा शून्यावर आणतो, तसं पट्टा लावल्यावर पहिलं अर्धं मिनिट आसन आपलं शून्य घेई. सरळ म्हणजे काय, खाली म्हणजे कुठे, हे ते त्या अर्ध्या मिनिटात ठरवी. म्हणून कंपनीतल्या कानाच्या डॉक्टर मनाली गर्जे यांनी माहितीपत्रकासाठी तीन ओळी लिहून दिल्या होत्या. शून्य घेताना गाडी सपाट जागेवर उभी असावी. दर दोन तासांनी मुलाला उतरवून अर्धा तास पायी हिंडवावं. रोजच्या प्रवासाला आसन वापरू नये.

गर्जेबाई बीडच्या. तिथली माणसं बोलताना लोणी लावत नाहीत. “कानाला खोटं बोलायला शिकवतोय आपण,” त्या बैठकीत म्हणाल्या होत्या. “निदान खरं कशाला म्हणतात ते तरी त्याला मधनंमधनं दाखवत जा.”

कौस्तुभने मान डोलावली आणि जागेवर येऊन त्या तीन ओळी काढून टाकल्या. आईबाप एवढं वाचत नाहीत, हे त्याचं कारण. ‘न थांबता’ या दोन शब्दांवर त्याने वर्षभर जाहिरात उभी केली होती आणि त्या ओळी तिच्या मुळावर येत होत्या, हे खरं कारण. त्यांच्या जागी त्याने एकच ओळ लिहिली: ‘पट्टा लावा आणि विसरा.’ त्या ओळीबद्दल कंपनीने त्याला काचेची एक ट्रॉफी दिली. ती त्याने घरी बैठकीच्या खोलीत, दारातून येणाऱ्याला आधी दिसेल अशी ठेवली होती.

त्याची मुलगी इशान्वी तेव्हा सहा वर्षांची होती. गेली दोन वर्षं ती निवांतमध्ये बसत होती, आणि लांबच्या प्रवासालाच असं नाही. सकाळी शाळेला जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. सिग्नलला गाडी थांबते-सुटते त्याने पोर किरकिरते, ही कटकट कौस्तुभला नको होती. कंपनीचा माणूस म्हणून आसन त्याला फुकट मिळालं होतं, आणि फुकट मिळालेल्या वस्तूचं पथ्य कोण पाळतो.

हल्ली इशान्वी झोपाळ्यावर बसायला नको म्हणे. बरोबरीच्या मुली दोन चाकांची सायकल चालवू लागल्या, ती दोन वेळा पडली आणि पुन्हा सायकलजवळ गेली नाही. डोळे मिटून उभं राहायच्या खेळात ती पहिली बाद होई. तिची आई श्रुतिका हे सगळं बघत होती आणि तिने ते नवऱ्याला दोनदा बोलूनही दाखवलं. कौस्तुभने आपली पोर विचारी आहे, उगाच हुंदडत नाही, असा त्याचा अर्थ लावला. आपला तो बाब्या, दुसरं काय.

त्या वर्षी मे महिन्यात श्रुतिकाच्या माहेरी, सावंतवाडीजवळ, सगळे जमायचे होते. एरवी हे तिघं विमानाने जात. या वेळी कौस्तुभने गाडीने जायचं ठरवलं, तेही सासुरवाडीच्या प्रेमापोटी नव्हे. आसनाचा नवा नमुना बाजारात यायचा होता आणि त्याच्या जाहिरातीसाठी खऱ्या कुटुंबाची चित्रफीत हवी होती. पुण्यात पट्टा लावलेली मुलगी पावणेचारशे किलोमीटर न थांबता जाते आणि घाट उतरून फुलासारखी ताजी बाहेर येते, असं ते दृश्य त्याने मनात केव्हाच रंगवलं होतं. स्वतःची मुलगी असली की कोणाचं मानधन द्यावं लागत नाही आणि संमतीपत्रावर सहीही आपणच करतो.

बरोबर दुसरी गाडी होती ती श्रुतिकाच्या थोरल्या भावाची, निलेश परबची. निलेश आयटीआयमध्ये फिटरचा शिक्षक. गाडी पंधरा वर्षांची जुनी, हाताने चालवायची. तीत तो, त्याची बायको शलाका आणि गार्गी व वेद ही दोन पोरं. ही मंडळी पहाटे दोन तास आधी निघाली, कारण ती दर दीड तासाने थांबत. थांबली की पोरं उतरून दोरीवरच्या उड्या मारत, शलाका भाकरी-चटणी सोडी, निलेश झाडाखाली पाठ सरळ करी. गाडीत गाण्याच्या भेंड्या चालत. वळणं लागली की निलेश पोरांना पुढच्या काचेतून रस्त्यावर नजर ठेवायला लावी. वळण दिसलं की दोघांनी ‘डावं’ किंवा ‘उजवं’ असं ओरडायचं आणि त्या बाजूला अंग कलवायचं. चुकेल त्याच्यावर राज्य. तरीही वेदला कधीतरी उलटी होईच. त्यासाठी शलाका श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा जवळ बाळगी, घट्ट झाकणाचा.

त्या डब्याची कौस्तुभला इतकी शिसारी होती की श्रीखंड खाणंच त्याने सोडलं होतं. कराडच्या पुढे रस्त्याकडेला ही दोन पोरं दोरीवर उड्या मारताना त्याला आपल्या गाडीतून दिसली, तेव्हा तो श्रुतिकाला म्हणाला की तुझ्या भावाने प्रवासाची जत्रा करून ठेवली आहे. त्याची गाडी तेव्हा स्वतःच धावत होती. तो पडद्यावर काम करत होता, श्रुतिका तिच्या पडद्यावर काहीतरी बघत होती आणि मागे इशान्वी कानांमागे चकत्या टेकवून चित्रांमध्ये बुडाली होती. साडेतीन तासांत त्या गाडीत कोणी कोणाशी दहा वाक्यं बोललं नव्हतं. कौस्तुभ याला सुखाचा प्रवास म्हणत असे.

घाटमाथ्यावर मात्र इशान्वीने सू लागल्याचं सांगितलं. न थांबता जाण्याच्या सगळ्या मनोराज्यात ही एवढीशी गोष्ट त्याने धरलीच नव्हती. एवढं वीस किलोमीटर दम धर, म्हणून त्याने तिला समजावून पाहिलं. श्रुतिकाने नवऱ्याकडे एकदाच बघितलं आणि त्याने गाडी बाजूला घेतली. मे महिन्यातली गर्दी, रस्त्याला खेटून गाड्यांची रांग. जागा मिळाली ती कडेच्या चरावर. डावी दोन चाकं चरात उतरली आणि गाडी डाव्या अंगाला चांगली कलली, इतकी की डॅशबोर्डावरची बाटली घरंगळत जाऊन दारापाशी थांबली.

मायलेकी झाडाआड जाऊन आल्या. माथ्यावरच्या गर्दीने सगळ्यांचाच वेग मोडला होता, तेवढ्यात मागून निलेशची गाडीही येऊन पोचली. कौस्तुभने लेकीला आसनात बसवलं, पट्टा ओढला, चकत्या टेकल्या. ‘शून्य घेत आहे,’ आसन मंजुळ आवाजात म्हणालं. अर्धं मिनिट. बाटली दारापाशी पडलेली त्याला दिसत होती. दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने खोडलेली ओळ त्याला आठवायला एवढा पुरावा पुरेसा होता. पण तो चष्म्यातला कॅमेरा चालू होतो की नाही ते तपासत होता. ‘शून्य घेतलं. निवांत बसा,’ आसनाने सांगितलं. गाडी चरातून वर आली आणि सरळ झाली. इशान्वी मागे किंचित हुं म्हणाली, उजवीकडे घसरल्यासारखी, आणि मग गप्प बसली. आसनाने समजूत काढली होती.

घाटात पुढे एक पर्यटकांची बस अडकली होती. अर्ध्या घाटाचं जे अंतर पंचवीस मिनिटांत तुटायचं त्याला सव्वा तास लागला. सव्वा तास ते आसन इशान्वीच्या कानाला सांगत राहिलं की बाळ, चरात कललेली गाडी म्हणजे सरळ आणि बाकीचं जग वाकडं. पोरीच्या मेंदूने पहिली पंधरा मिनिटं कदाचित खळखळ केली असेल. नंतर त्याने मानलं. मेंदू तरी किती वेळ भांडणार.

घाटाच्या मध्यावर, सातव्या वळणाला, घाटकरणीचं देऊळ आहे. देऊळ कसलं, चार खांब आणि पत्रा. घाट उतरणारं प्रत्येक वाहन तिथे थांबतं, नारळ वाढवतं आणि मगच पुढे जातं. परबांच्या घरातली रीत अशी की घरातलं मूल पहिल्यांदा घाट उतरत असेल तर त्याने स्वतःच्या पायांनी, एकट्याने चालत जाऊन घाटकरणीपुढे नारळ ठेवायचा. कोणी उचलून न्यायचं नाही, बोट धरायचं नाही. आपला घाट आपल्या पायाखाली घालायचा, असा त्यातला अर्थ. श्रुतिकाने ते केलं होतं, निलेशने केलं होतं, गार्गी आणि वेदने केलं होतं. इशान्वी आजवर विमानाने आल्यामुळे तिचं राहिलं होतं आणि श्रुतिकाच्या आईने फोनवर तीनदा आठवण केली होती. एरवी कौस्तुभने असल्या रीतीला नाक मुरडलं असतं. पण ताजीतवानी मुलगी हातात नारळ घेऊन देवळाकडे चालत जाते, यासारखा शेवट चित्रफितीला मिळाला नसता. त्याला एकदम परंपरेचा उमाळा आला.

देवळापुढे अंगणाएवढी मोकळी जागा होती. गाड्या या टोकाला, देऊळ त्या टोकाला, मध्ये तीस पावलं. उजव्या हाताला रस्ता. डाव्या हाताला दरी आणि तिच्या कडेने गुडघ्याएवढा कठडा. गेल्या पावसाळ्यात एक ट्रक धडकून तो कठडा दोन माणसं झोपतील एवढ्या लांबीचा पडला होता आणि तिथे कोणी दोन पिंपांना दोर बांधून ठेवला होता.

निलेशची गाडी पाठोपाठ येऊन थांबली. बसच्या धुरात वेदला उलटी झाली होती, तेव्हा शलाका डबा घेऊन उतरली आणि कठड्याच्या बाजूने देवळामागच्या नळाकडे निघाली. ती चित्रात येत होती म्हणून कौस्तुभला तिचा रागच आला. जरा बाजूने जा, असं त्याने हाताने खुणावलंही. बाजू फक्त दरीची होती. ती तिकडून जपून पाय टाकत निघाली.

इशान्वीला उतरवून तिच्या हातात नारळ दिला. ती क्षणभर गाडीला टेकून उभी राहिली. श्रुतिकाने देवळाकडे बोट दाखवलं, तिथे जाऊन ठेव आणि नमस्कार कर म्हणून सांगितलं, आणि रीत म्हणून जागच्या जागी थांबली. कौस्तुभने दोन पावलं मागे जाऊन कॅमेरा सुरू केला.

मुलगी चालू लागली. पहिली पाच-सहा पावलं छान पडली. केसांवर ऊन होतं, नारळ दोन्ही हातांत छातीशी धरलेला होता. मग ती थोडी डावीकडे गेली. कौस्तुभने चष्मा डावीकडे वळवला. ती आणखी डावीकडे गेली. अंगही त्या बाजूला कललं होतं, वाऱ्याने रोप कलतं तेवढं. चित्रातून देऊळ सुटत होतं आणि त्याला तेवढंच दिसत होतं.

“ईशू, सरळ चाल,” तो म्हणाला.

“मी सरळच चालतेय, बाबा,” ती म्हणाली, आणि नजर देवळावर ठेवून डावीकडे चालत राहिली. तिच्या आवाजात हट्ट नव्हता. ती खरोखर सरळच चालत होती.

देवळातला गुरव निरांजन ठेवून उठला. “अहो, चेडू खंय जाता? चेडवाक बघा,” पोरीकडे बोट करत त्याने हाक दिली. श्रुतिका धावली, निलेश धावला. दोघंही लांब होती. इशान्वीचा पाय दोराखालच्या खडीवर गेला आणि खडी सरकली. कौस्तुभ जागेवरून हलला नाही. तो चित्र घेत होता आणि चित्र घेणाऱ्या माणसाला हलू नये असं कधीतरी कोणीतरी शिकवलेलं असतं.

नळाकडे निघालेल्या शलाकाने हातातला डबा टाकला. गुडघ्यावर पडत तिने दोरावरून हात घातला आणि पोरीचा दंड धरला. नारळ गेला. तो खाली कुठे आपटला त्याचा आवाजसुद्धा वर आला नाही. डबा घरंगळत कौस्तुभच्या पायाशी आला आणि झाकण सुटून जे होतं ते त्याच्या बुटांवर सांडलं.

पुढचं मात्र सांगायला हवं. तो खाली बसला आणि लेकीचं नाव घेऊन रडला. तेवढा वेळ तो निव्वळ बाप होता. त्याच्या आयुष्यात असे प्रसंग फार आले नाहीत, म्हणून याची नोंद ठेवायची.

उरलेला घाट इशान्वी निलेशच्या गाडीतून उतरली, मामीच्या मांडीवर. शलाकाच्या दोन्ही गुडघ्यांतून रक्त येत होतं, त्यावर गुरवाने हळद लावून दिली होती. तिथून तिसऱ्या वळणाला इशान्वीला उलटी झाली. धुतलेला डबा होताच. आपल्याला हे काय झालं ते तिला कळेना, म्हणून ती आधी घाबरली. मग वेदने तिला मोठ्या अनुभवी माणसाच्या थाटात समजावलं की हे असंच असतं, आता पुढे बघ आणि ‘उजवं’ म्हण. पायथ्याशी पोचेपर्यंत ती तीन वेळा ओकली होती आणि दोन वेळा बरोबर उजवं म्हणाली होती. श्रुतिकाही त्याच गाडीत बसली होती. मागून कौस्तुभ रिकामी गाडी घेऊन येत होता आणि पट्टा लावा, म्हणून आसन त्याला पुन्हा पुन्हा विनवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गर्जेबाईंना फोन लावला. सासुरवाडीच्या मागच्या अंगणात, खळ्यात, गार्गीने चुन्याने रेघ ओढली होती आणि इशान्वी तिच्यावरून चालायचा प्रयत्न करत होती. चार पावलांनंतर ती रेघ सोडून डावीकडच्या माडाशी जाई, थांबे, वळून रेघेकडे बघे. खोटं कोण बोलतंय, रेघ की पाय, हे तिला ठरवता येत नव्हतं. त्या पोरीचं तोंड बघवत नव्हतं.

बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला की शून्य कुठे घेतलं. घाटमाथ्यावर, तो म्हणाला. सपाटीवर का, त्यांनी विचारलं. तिथे गर्दी फार होती, असं त्याने सांगितलं.

“दोन-तीन दिवसांत हे कलणं जाईल,” बाई म्हणाल्या. “पण तुम्ही म्हणता रोज शाळेला वापरलंय, तेही दोन वर्षं. त्याचं मला आज सांगता येणार नाही. तिला झोपाळ्यावर बसवा, गरगर फिरवा, पडू द्या. ओकली तर ओकू द्या. मी पत्रकात सगळं लिहिलं होतं, हिंगे. वाचलं नव्हतं का तुम्ही?”

उभ्या महाराष्ट्रात त्या तीन ओळी ज्याने लक्षपूर्वक वाचल्या असा एकच माणूस होता. तो म्हणाला, “नजरेतून सुटलं, मॅडम.”

चित्रफीत सोमवारी द्यायची होती. कौस्तुभने ती सासऱ्यांच्या पडवीत बसून पुन्हा पुन्हा पाहिली. देवळाकडचं चालणं एकूण तेरा सेकंदांचं होतं. त्यांतली पहिली सहा फार सुंदर होती. ऊन, केस, नारळ. वाटलं तर सगळीच्या सगळी तेरा सेकंदं पाठवता आली असती, खाली तीन ओळी लिहून. नव्या नमुन्याचं काम थांबलं असतं, त्याची नोकरी बहुधा गेली असती आणि कुठल्या तरी घाटात कुठलं तरी मूल सरळ चाललं असतं. अर्धा दिवस तो त्या विचाराभोवती घुटमळला. जेवायला बोलावलं तेव्हा उठताना त्याने सहा सेकंदं कापून पाठवून दिली.

अगदीच दगड नव्हता तो. मनाची टोचणी म्हणून त्याने गर्जेबाईंच्या ओळी आसनाच्या जाड माहितीपुस्तिकेत परत घातल्या. एकसष्टाव्या पानावर, तळटीप म्हणून, दुरुस्ती-केंद्रांच्या यादीखाली. त्या रात्री त्याला शांत झोप लागली. असल्या माणसांची पापं धुवायला तांब्याभर पाणीही पुष्कळ होतं.

गर्जेबाईंनी जूनमध्ये नोकरी सोडली. का सोडली ते त्यांनी लेखी दिलं होतं. ते पत्र भाषा सुधारण्यासाठी कौस्तुभकडेच आलं.

इशान्वी सुधारली, पण सावकाश. कलणं गेलं. राहिली ती एक सवय. दारातून बाहेर पडताना, जिना उतरताना, शाळेच्या मैदानावर, ती शेजारच्याला विचारी, “मी सरळ आहे ना?” स्वतःच्या पायांवर तिचा विश्वास नव्हता. आता श्रुतिका तिला शाळेत चालवत नेई, आणि आठवड्यातून एकदा निलेशमामा येऊन सोसायटीच्या झोपाळ्यावर बसवी. मामीने तिला स्वतःचा डबा दिला होता, आम्रखंडाचा, वर तिचं नाव लिहिलेला. लांब जायचं म्हटलं की ती आधी तो डबा घेऊन दाराशी उभी राही.

ऑगस्टमध्ये, रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर तिघं भिंतीवरच्या पडद्यावर काहीतरी बघत होती. मध्येच जाहिरात लागली. हिरवा घाट, निळी गाडी. गाडीतून एक मुलगी उतरली, हातात नारळ घेऊन उन्हातून चालू लागली. सहा पावलं. मग चित्र पांढरं झालं आणि अक्षरं आली: ‘पट्टा लावा आणि विसरा.’

श्रुतिका हातातली सुपारी तशीच धरून बसली. ही चित्रफीत आपण पुसून टाकली, असं नवऱ्याने तिला सांगितलं होतं.

“ही मी आहे,” इशान्वी म्हणाली. मग तिने विचारलं, “मामीने मला धरलं ते कुठे गेलं?”

कौस्तुभ म्हणाला की तेवढं लागत नव्हतं, जाहिरात लांब झाली असती.

पोरीने त्यावर विचार केला. ती विचारी होतीच, बापाने सांगितलं होतं ते खरं होतं. “मग ज्यांनी बघितलं,” ती म्हणाली, “त्यांना वाटणार मी देवळात पोचले?”

त्याने हो म्हटलं.

“आणि ते पण तिथे जाणार? त्यांच्या मुलांना घेऊन?”

कौस्तुभने श्रुतिकाकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, काचेच्या त्या ट्रॉफीकडे बघत होती.

“त्या सगळ्यांच्या मागच्या गाडीत मामी असते का, बाबा?”

आईबापांच्या प्रश्नांना उत्तरं लिहिण्यात ज्या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता, तो रिमोटकडे वळला. त्याने पडद्याचा आवाज वाढवला. इशान्वी उठली, बाहेर झोपाळ्याकडे जाते म्हणाली आणि दारापर्यंत गेली. तिथे नेहमीसारखी थांबली, आपण सरळ आहोत का ते विचारायला वळली. समोर बाबा होता. त्याला न विचारताच तिने तोंड फिरवलं आणि आईला हाक मारली.